तुकडा वेगळा, प्लॉट वेगळा

मुंबई-गोवा महामार्ग सोडून समुद्राच्या बाजूला वळलं, की पहिल्या चार-पाच किलोमीटरांत एक तरी फलक लागतोच. माडांचं चित्र, मागे निळं पाणी आणि खाली ठळक अक्षरांत ‘बंगलो प्लॉट, ३ गुंठ्यांपासून, स्वतंत्र सातबारा’. वाचणाऱ्याची नजर ‘समुद्र’ या शब्दावर जाते. मेख मात्र ‘स्वतंत्र सातबारा’ या दोन शब्दांत आहे. स्वतःच्या नावाचा सातबारा आला म्हणजे घर बांधायचा हक्कही आला, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. माझाही हाच समज होता.

आमची सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळ पठारावर, साठ गुंठे जमीन आहे. कातळ, मधे थोडी माती, काजूची झाडं आणि वर्षाआड येणारी चार कलमं. बाबांच्या पिढीत तीन भाऊ आणि एक बहीण, म्हणजे प्रत्येकी चार आणे. डोंबिवलीच्या चुलतभावाने गणपतीत हिशेब मांडला: साठ भागिले तीन, वीस प्लॉट. आरती संपून प्रसाद वाटेपर्यंत दरही ठरला. त्यानंतरच्या दीड वर्षात आम्ही जे शिकलो, ते इथे लिहितो आहे.

मुळात हे समजून घ्यायला हवं की जमीन तीन वेगवेगळ्या अर्थांनी ‘फुटते’. एकदा हक्काने: कोणाचा किती हिस्सा. एकदा मापाने: तो हिस्सा जमिनीवर नेमका कुठे. आणि एकदा वापराने: त्यावर शेती होणार की घर. तिन्हींची कार्यालयं वेगळी, कायदे वेगळे, कागद वेगळे. पहिली पायरी झाली की तिसरी आपोआप होते, असं वाटल्यामुळेच बहुतेक माणसं फसतात. कोणी फसवायला लागतच नाही.

चार आणे म्हणजे कुठले चार आणे?

आधी माप पक्कं करू. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर असतात. एक आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. म्हणून बोलण्यात आर आणि गुंठा एकच धरतात आणि त्याने फारसं बिघडत नाही.

कोकणातल्या सातबाऱ्यावर नावांची रांग असते आणि कित्येक ठिकाणी नावापुढे आणे-पै. सोळा आण्यांची जमीन, त्यात तुमचे चार. पण ते चार आणे समुद्राकडचे की डोंगराकडचे, विहीर त्यात येते की नाही, हे सातबारा सांगत नाही. सामाईक जमिनीत प्रत्येकाचा हिस्सा जमिनीच्या प्रत्येक ढेकळात असतो. घरातल्या घरात ‘हा गडगा तुझा, तो माझा’ असं ठरलेलं असलं तरी सरकारदरबारी ती वहिवाट, वाटप नव्हे.

वाटप करायचं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ८५ आहे. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर तहसीलदारांकडे अर्ज करून सरस-निरस, म्हणजे जमिनीचा बरेवाईटपणा, पाहून वाटप होतं. एकजण जरी अडला, तरी दिवाणी कोर्टाची वाट धरावी लागते. आणि ‘सगळे’ म्हणजे खरोखर सगळे. आमच्याकडे आत्याचं नाव वारसनोंदीत लागलंच नव्हतं. ‘ती लग्न करून गेली’ एवढंच कारण. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने सहदायाद, म्हणजे जन्मतः वाटेकरी, झाली. हा हक्क जन्मापासूनचा आहे आणि २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. बहिणीला वगळून केलेलं वाटप दहा वर्षांनीही उलटू शकतं. आत्याचं नाव लावायलाच आमचे सात महिने गेले. त्यातले पाच तिची समजूत काढण्यात. इतक्या वर्षांनी आठवण आली म्हणून ती रागावली होती, आणि तिचं चूक नव्हतं.

वाटपानंतर भूमी अभिलेख कार्यालयातून पोटहिस्सा मोजणी. मोजणीदार येऊन हद्दी दाखवतो, खुणा करतो आणि नंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. मग आकारफोड, म्हणजे मूळ नंबरावरचा शेतसारा नव्या हिश्शांवर वाटून टाकणं, आणि शेवटी फेरफार होऊन वेगवेगळे सातबारे. फलकवाला म्हणतो तो ‘स्वतंत्र सातबारा’ इथवर येतो. शेती अजून शेतीच आहे.

तुकडेबंदी

आमचं घोडं मात्र त्याच्याही आधी अडलं. साठ गुंठ्यांचे चार भाग म्हणजे प्रत्येकी पंधरा. तलाठ्यांनी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण वाडीत अजून तलाठीच) शांतपणे सांगितलं, “पंधराचा हिस्सा पडत नाही.”

कारण १९४७ चा तुकडेबंदी कायदा. पिढ्यान् पिढ्या वाटण्या होऊन शेत इतकं बारीक होतं की नांगर वळवायलाही जागा उरत नाही, हे थांबवण्यासाठी तो आला. प्रत्येक भागासाठी शेतजमिनीचं एक ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरवलेलं असतं. त्याहून लहान तो ‘तुकडा’. नवा तुकडा निर्माण होईल असा व्यवहार करता येत नाही, आणि लोक विसरतात ते हे की असं वाटपही करता येत नाही. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्यात आले. रायगड त्या यादीतून वगळला आहे, तिथलं क्षेत्र आधीच वेगळं ठरलेलं होतं. त्यामुळे अलिबाग-मुरुडच्या माणसाने देवगडच्या पाहुण्याचं ऐकून हिशेब करू नये.

आमची जमीन सातबाऱ्यावर जिरायत. म्हणजे तीन हिस्से पडतात, चार नाही. तीच बागायत असती तर सहा पडले असते. हा फरक सातबाऱ्यावरच्या नोंदीने ठरतो. चार कलमं आहेत म्हणून आपण बागायतदार, असं आपण म्हटल्याने नाही.

आधीपासून लहान असलेल्या तुकड्याचं काय? तो लगतच्या खातेदाराला विकता येतो, कारण त्यातून शेत मोठं होतं आणि कायद्याला तेच हवं आहे. जे व्यवहार कायदा मोडून झाले, ते नियमित करण्यासाठी २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरण्याची सोय आली. ती २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर आणली गेली आणि २०२५ मध्ये सरकारने आणखी सवलती जाहीर केल्या. महानगरपालिकेच्या हद्दीत, किंवा योजनेत रहिवासासाठी राखलेल्या जमिनीला तुकडेबंदी मुळातच लागू होत नाही. म्हणजे तुकडेबंदीतून सुटायचा सरळ रस्ताही शेवटी एकाच प्रश्नाशी येतो: जमीन कुठल्या विभागात आहे?

तिथे जाण्याआधी एका पळवाटेबद्दल. तीन गुंठे विकता येत नाहीत ना, मग सात अनोळखी माणसं मिळून वीस-एकवीस गुंठे एकाच खरेदीखताने घेतात. सातबाऱ्यावर सात नावं लागतात आणि जागेवर चुन्याच्या रेघा मारून ‘हा तुमचा प्लॉट’. खरेदीखत नोंदलेलं, नाव चढलेलं, सगळं खरं. फक्त प्लॉट नाही. ती सातजणांची सामाईक शेतजमीन आहे. एकाला कर्ज हवं असेल, एकाला विकायचं असेल, एक वारला आणि त्याचे पाच वारस लागले, की बाकीच्यांच्या सह्यांसाठी ठाणे ते कुडाळ फेऱ्या सुरू. आणि वाटप मागायला गेलं तर पुन्हा तीच तुकडेबंदी आडवी येते. भावाभावांची सामाईक जमीन निदान नात्याने आलेली असते. ही तर पैसे मोजून विकत घेतलेली भाऊबंदकी.

झोन दाखला

जमिनीचा वापर ठरवणारं कागदपत्र म्हणजे विकास योजना किंवा प्रादेशिक योजना. नगरपरिषदेच्या हद्दीत पहिली, बाहेरच्या खेड्यापाड्यांत दुसरी. नकाशावर रंग असतात: रहिवास, शेती, हरित, वन वगैरे. आपला सर्व्हे नंबर कुठल्या रंगात पडतो, हे नगर रचना कार्यालयाच्या झोन दाखल्यावर कळतं. खर्च किरकोळ, अर्ज एका पानाचा, आणि तरीही बहुतेकजण तो सगळ्यात शेवटी काढतात. आम्हीही.

बांधकामाचे नियम २०२० च्या डिसेंबरपासून एका पुस्तकात आहेत, ती म्हणजे एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. मुंबई महापालिका आणि काही खास क्षेत्रं सोडली तर राज्यभर तीच लागू. त्याआधी प्रत्येक नगरपरिषदेचं वेगळं आणि प्रादेशिक योजनेचं वेगळं पुस्तक असायचं.

रहिवास विभागात जमीन असेल तर वाट मोकळी. शेती विभागात असेल तर दोन-तीन खिडक्या उरतात. एक म्हणजे गावठाणाची जवळीक. महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या पट्ट्यातल्या जमिनीला, योजनेत बसणाऱ्या वापरासाठी, रूपांतर कर आणि अकृषिक आकारणी भरून एनए (अकृषिक, म्हणजे बिगरशेती) होण्याची सोपी वाट आहे. इथे गावठाण म्हणजे नकाशावरची गावठाणाची हद्द, वाडीतलं शेवटचं घर नव्हे. कोकणात घरं वाड्यावाड्यांतून पसरलेली. तुमच्या घराशेजारी वीस घरं असली तरी ती वाडी गावठाणात नसू शकते.

दुसरी खिडकी फार्महाऊसची. ‘दहा गुंठे घ्या, फार्महाऊस बांधा’ हे वाक्य कोकणात जितकं विकलं गेलं तितका हापूसही नसेल. शेतघरासाठी महसूल संहितेच्या कलम ४१ मध्ये किमान ०.४० हेक्टर, म्हणजे जवळजवळ एक एकर जमीन लागते. दहा गुंठे बागायत तुम्ही कायदेशीरपणे विकत घेऊ शकाल, पण शेतघराला ती पुरणार नाही. घेण्यासाठीची मर्यादा आणि बांधण्यासाठीची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यातल्या फटीत पुष्कळांची बचत गेली आहे.

साठातले त्रेचाळीस

आता धरून चालू की जमीन रहिवासाला योग्य ठरली. तिचे प्लॉट पाडायचे म्हणजे रेखांकन मंजूर करून घ्यायचं, ज्याला सगळे लेआउट म्हणतात. चुलतभावाचा ‘साठ भागिले तीन’ इथे कोसळतो.

नियमावली विचारते: प्रत्येक प्लॉटवर माणूस पोचणार कसा? अंतर्गत रस्ता १५० मीटरपर्यंत लांब असेल तर ९ मीटर रुंद हवा, तिथून ३०० मीटरपर्यंत १२ मीटर आणि त्याहून लांब असेल तर १५ मीटर. दुसरा प्रश्न: मुलं खेळणार कुठे? जमीन ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी असेल तर १० टक्के जागा मोकळी सोडायची, आणि ती नंतर विकायची नाही.

आमची जमीन अदमासे १२० मीटर लांब, ५० मीटर रुंद. साठ गुंठे म्हणजे ६०७० चौरस मीटर. मधून १२० मीटरचा ९ मीटर रुंद रस्ता काढला की १०८० चौरस मीटर गेले, पावणेअकरा गुंठे. मोकळी जागा ६०७ चौरस मीटर, सहा गुंठे. उरले सुमारे त्रेचाळीस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वीस-एकवीस मीटर खोलीचे पट्टे मिळतात. तीन गुंठ्यांचा प्लॉट साडेचौदा मीटर रुंदीचा बसतो. एका बाजूला आठ, मोकळ्या जागेच्या बाजूला सहा. एकूण चौदा. वीस नव्हे. आणि काही भागांत सुविधा-जागाही सोडावी लागते, ती यात धरलेली नाही. सड्याच्या उताराला लागणारी संरक्षक भिंतही नाही. पावसाळ्यात जिथून पऱ्या वाहतो, तो बुजवून प्लॉट काढायचा मोह होतो, पण जूनमध्ये पाणी आपली वाट विसरत नाही.

काका म्हणाले, “सतरा गुंठे फुकट घालवायचे?” मला उलट वाटतं. हा नियम म्हणजे आपल्या जुन्या वाडीचीच रीत आहे, फक्त मीटरमध्ये लिहिलेली. गुहागर, आंजर्ले, वेंगुर्ला, कुठलीही जुनी आगरं बघा. लांबट हिस्से, प्रत्येकाचं तोंड वाटेवर, दोन गडग्यांमधून चिऱ्याची पाखाडी, मधे देवळासमोरची मोकळी जागा. ती जागा कोणी ‘फुकट’ घालवली नव्हती. फरक इतकाच की पाखाडीवरून पालखी जायची आणि आता अग्निशमनचा बंब जायला हवा.

मंजुरी दोन टप्प्यांत येते. आधी तात्पुरतं रेखांकन. मग जागेवर रस्ते, गटारं, हद्दीचे दगड, पुन्हा मोजणी आणि मग अंतिम. त्यानंतर भूमी अभिलेखाचं कमी-जास्त पत्रक बनतं. मूळ नंबरातून काय कमी झालं आणि कुठला नवा नंबर आला, त्याचा तो ताळा. त्यावरून प्रत्येक प्लॉटचा सातबारा निघतो. हा सातबारा आणि वाटपातून निघालेला सातबारा दिसायला जुळे भाऊ, म्हणून नकाशाही मागायचा. शिवाय योजना ५०० चौरस मीटरहून मोठी किंवा आठहून जास्त प्लॉटची असेल तर विकण्याआधी महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक नसलेला मोठा फलक हाच गडबडीचा एक पुरावा समजा.

भरतीची रेषा

किनाऱ्यालगत या सगळ्यावर आणखी एक थर येतो, तो सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा. १९९१ मध्ये तो पहिल्यांदा आला, २०११ मध्ये नव्याने आणि मग जानेवारी २०१९ ची अधिसूचना. मोजणी वाळूपासून किंवा लाटेपासून नाही, नकाशावरच्या उच्चतम भरती रेषेपासून होते. समुद्रकिनारी त्या रेषेपासून जमिनीच्या बाजूला ५०० मीटरपर्यंत सीआरझेड. त्यात ग्रामीण भागाचे दोन प्रकार: २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तर पहिले ५० मीटर ना-विकास, म्हणजे बांधकामाला बंद, कमी असेल तर २०० मीटर. रत्नागिरी जिल्ह्याची घनता १९७ आणि सिंधुदुर्गाची १६३ होती. त्यामुळे आपल्याकडच्या विरळ वस्तीच्या गावांना बहुधा दोनशेचा आकडाच लागतो. खाडीच्या काठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं कमी ते. कांदळवन आलं तर बोलायलाच नको.

इथे गंमत अशी की नंबर एकच असतो पण रेषा त्याच्या पोटातून जाते. माडाच्या बागेचा अर्धा हिस्सा बांधता येण्यासारखा, अर्धा नाही. वाटप करताना भावाला ‘समुद्राकडची चांगली बाजू’ दिली जाते आणि ती ना-विकास पट्ट्यात निघते. असं झालेलं एक घर मला ठाऊक आहे. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, दोघांनाही आपण फसलो असं वाटतं.

सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ हा रकाना वेगळाच विषय आहे, थोडक्यात सांगतो. कुळाने कूळकायद्याने घेतलेली जमीन असेल तर तिथे कलम ४३ चं बंधन दिसेल. ते सुटल्याशिवाय विक्री नाही. शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घेता येत नाही, ते कलम ६३. एनए प्लॉटला मात्र ही अट नाही, म्हणून मुंबईकराला एनए हवा असतो. आणि १९७५ च्या कायद्यातली खाजगी वनाची नोंद असेल तर चहा पिऊन घरी यावं.

आमचा झोन दाखला आला तेव्हा नशिबाने जमीन रहिवासात निघाली. तुकडेबंदीचा प्रश्न तिथेच मिटला, आत्यासकट चौघांच्या सह्या झाल्या, अभियंत्याने चौदा प्लॉटांचा कच्चा नकाशाही काढून दिला. तो घेऊन गेलो तर समोरच्या साहेबांनी आतला ९ मीटरचा रस्ता बघितला आणि विचारलं, “आणि हा रस्ता बाहेर कुठे मिळतो?” बाहेर आमची पाणंद आहे. दोन बैल शेजारी-शेजारी कसेबसे जातील एवढी. बांधावरून शेताला वाट तहसीलदार महसूल संहितेच्या कलम १४३ खाली देऊ शकतात, पण ती शेतीसाठीची वाट. तिच्यावर लेआउट उभा राहत नाही.

रुंदी मिळवायची तर शेजारच्या काकींच्या कुंपणाच्या आतली पट्टी विकत घ्यावी लागेल. त्यांच्या हापूसच्या दोन ओळी त्यात जातात. गेल्या मे महिन्यात मी आणि चुलतभाऊ त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पन्हं दिलं, आंब्याची पेटी दिली आणि म्हणाल्या, “यंदाचा मोहर बघू, मग बोलू.”